हॉगवर्ट्सची चार सदने : स्वभाववैशिष्ट्यांची तुलना

ग्रिफिंडोर, हफलपफ, रेव्हनक्लॉ आणि स्लिदरिन ही ब्रिटिश लेखिका जे.के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर कादंबरीमालेतील हॉगवर्ट्स या काल्पनिक जादूविद्यालयाची चार सदने होत. मूळ इंग्रजीतील ‘हाऊस’ या संज्ञेसाठी येथे ‘सदन’ हा शब्द वापरला आहे. मालेचे सात भाग १९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झाले. पहिला भाग मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने उपलब्ध आहे. अकराव्या वर्षी शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची स्वभाव पाहून एका सदनात नेमणूक होते आणि पुढील सात वर्षे ते मूल त्याच सदनात राहते. ग्रिफिंडोर म्हणजे शौर्य, हफलपफ म्हणजे कष्ट व निष्ठा, रेव्हनक्लॉ म्हणजे बुद्धी आणि स्लिदरिन म्हणजे महत्त्वाकांक्षा, असे समीकरण वाचकांमध्ये रूढ आहे. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. कथानक पुढे सरकते तसे लेखिका स्वतःच हे समीकरण मोडत जाते. सदनाचा गुण म्हणजे मुलाच्या अंगी असलेला गुण, की त्या मुलाला मोलाचा वाटणारा गुण, असा प्रश्न त्यातून उभा राहतो.

सदनपद्धतीची पार्श्वभूमी

सदनांची कल्पना रोलिंग यांनी शून्यातून निर्माण केलेली नाही. इंग्लंडमधील निवासी शाळांत विद्यार्थ्यांची राहण्याची व्यवस्था वेगवेगळ्या इमारतींत केली जाई. प्रत्येक इमारतीवर एक शिक्षक पालक म्हणून नेमलेला असे आणि खेळांच्या स्पर्धा या इमारतींमध्ये होत. तेथून ही पद्धत अनिवासी शाळांत आणि ब्रिटिश अमलाखालील देशांतही पोहोचली. भारतातील जवाहर नवोदय विद्यालयांत अरवली, निलगिरी, शिवालिक व उदयगिरी अशी चार सदने असतात. महाराष्ट्रातील अनेक शाळांत लाल, निळा, हिरवा, पिवळा असे गट करून क्रीडास्पर्धा घेतल्या जातात.

परंतु या शाळांत मूल कोणत्या गटात जाईल हे बहुधा हजेरीपटावरील क्रमाने किंवा गटांची संख्या समान राखण्याच्या सोयीने ठरते. निळ्या गटातील मूल निळ्या स्वभावाचे आहे असे कोणी मानत नाही. हॉगवर्ट्सचे वेगळेपण येथेच आहे. तेथे नेमणूक हाच स्वभावाचा निर्वाळा समजला जातो, आणि तोही संपूर्ण शाळेसमोर, पहिल्याच रात्री, जेवणापूर्वी दिला जातो.

संस्थापक आणि निवड करणारी टोपी

कथेनुसार शाळेची स्थापना सहस्राहून अधिक वर्षांपूर्वी गॉड्रिक ग्रिफिंडोर, हेल्गा हफलपफ, रोवेना रेव्हनक्लॉ आणि सालझार स्लिदरिन या चौघांनी केली. प्रत्येकाने आपापल्या पसंतीचे विद्यार्थी निवडले. आपल्या पश्चात ही निवड कोणी करावी, असा प्रश्न आला तेव्हा गॉड्रिकने डोक्यावरची टोपी काढली आणि चौघांनी तिच्यात आपापली बुद्धी भरली. ही बोलकी टोपी दरवर्षी १ सप्टेंबरच्या रात्री नवे गीत गाते आणि एकेका मुलाच्या डोक्यावर बसून त्याचे सदन घोषित करते.

पाचव्या भागातील गीतात टोपी चौघांचे निकष सांगते. सालझारला शुद्ध जादूगार घराण्यांतील मुले हवी होती, रोवेनाला तल्लख बुद्धीची, गॉड्रिकला धाडसी. हेल्गाने मात्र उरलेल्या सर्वांना घेऊन सारखेच शिकवण्याचे ठरवले. सदनांची तुलना करताना हा तपशील बहुधा नजरेआड होतो. चार संस्थापकांपैकी तिघांचा निकष कोणाला तरी वगळणारा आहे आणि चौथीचा निकष म्हणजे निकष लावण्यास दिलेला नकार आहे. त्यामुळे चार सदने हे चार समान स्वरूपाचे गुण आहेत, असे मानून केलेली तुलना मुळातच लंगडी पडते.

पुढे सालझारचे इतर तिघांशी बिनसले. ज्यांच्या घराण्यात जादू नाही अशा मुलांना प्रवेश देऊ नये, या हट्टापायी तो शाळा सोडून गेला. मात्र त्याचे सदन मागे राहिले.

ग्रिफिंडोर

सिंह हे चिन्ह, लाल व सोनेरी हे रंग. सदनप्रमुख मिनर्व्हा मॅक्गॉनागल. निवासाची जागा उंच मनोऱ्यात असून दारावरील एका स्थूल स्त्रीच्या चित्राला परवलीचा शब्द सांगितल्यावर प्रवेश मिळतो. नायक हॅरी आणि त्याचे दोन जिवलग मित्र रॉन व हर्मायनी याच सदनातील असल्यामुळे वाचक शाळेकडे प्रामुख्याने याच खिडकीतून पाहतो. ग्रिफिंडोरच्या मुलांचे दोषही त्यामुळे सौम्य वाटतात. नियम मोडणे, रात्री-अपरात्री भटकणे, प्रतिस्पर्ध्याची खोडी काढणे हे सारे स्लिदरिनच्या मुलांनी केले असता दुष्टपणा ठरले असते.

या सदनातील शौर्य एकाच जातीचे नाही. हॅरीचे शौर्य पुष्कळदा विचारापूर्वी कृती करणारे असते. हर्मायनीचे शौर्य अभ्यासातून येते. टोपीने आपल्याला रेव्हनक्लॉमध्ये घालण्याचा गंभीरपणे विचार केला होता, असे ती स्वतः सांगते. सर्वांत लक्षणीय उदाहरण नेव्हिल लाँगबॉटमचे. विसराळू, भित्रा, आजीच्या धाकात वाढलेला हा मुलगा ग्रिफिंडोरमध्ये कसा, असा प्रश्न पहिल्या भागात वाचकालाच नव्हे तर नेव्हिललाही पडतो. टोपीनेही त्याच्याबाबत बराच वेळ घेतला होता. आपल्याला हफलपफमध्ये घालावे अशी त्याने टोपीला विनवणी केली होती, असे रोलिंग यांनी नंतर नमूद केले आहे.

पहिल्या भागाच्या अखेरीस वार्षिक सदनचषकाचे गुण जाहीर होतात, त्या वेळी स्लिदरिन ४७२ गुणांसह पहिले आणि ग्रिफिंडोर ३१२ गुणांसह शेवटचे असते. मुख्याध्यापक डम्बलडोर रॉन व हर्मायनीला प्रत्येकी ५० आणि हॅरीला ६० गुण देतात. दोन्ही सदने बरोबरीत येतात. शेवटचे १० गुण नेव्हिलला मिळतात, तेही आपल्याच मित्रांना चुकीच्या गोष्टीपासून अडवण्यासाठी त्यांच्यासमोर उभे राहिल्याबद्दल. शत्रूशी लढण्याच्या धैर्याहून मित्राला विरोध करण्याचे धैर्य कमी नव्हे, हे येथे निर्णायक ठरते. गुणदानाची वेळ मात्र स्लिदरिनच्या मुलांवर अन्याय करणारी आहे. त्यांच्या रंगांनी सजवलेले सभागृह त्यांच्या डोळ्यांदेखत बदलले जाते आणि उरलेली तिन्ही सदने जल्लोष करतात. वर्गात मुलांना बक्षिसे वाटलेल्या कोणाही शिक्षकाला हा प्रसंग वाचताना थोडे अवघडल्यासारखे होईल.

ग्रिफिंडोरची दुसरी बाजू पीटर पेटिग्र्यू या पात्रात दिसते. याच सदनात वाढलेला हा माणूस भीतीपोटी आपल्या मित्राचा, म्हणजे हॅरीच्या वडिलांचा, ठावठिकाणा शत्रूला देतो. टोपीने त्याला स्लिदरिनऐवजी ग्रिफिंडोरमध्ये घालण्यापूर्वी फार वेळ घेतला होता, असा रोलिंग यांचा खुलासा आहे. पर्सी वीझलीची गोष्टही वेगळी नाही. पदाच्या ओढीने तो काही काळ स्वतःच्या कुटुंबाला दुरावतो. ही महत्त्वाकांक्षा स्लिदरिनमध्ये शोभली असती.

रेव्हनक्लॉ

चिन्ह गरुड, रंग निळा व कांस्य. चित्रपटांत गरुडाऐवजी डोमकावळा आणि कांस्याऐवजी रुपेरी रंग दाखवला आहे. सदनप्रमुख फिलियस फ्लिटविक. या सदनाच्या दारावर परवलीचा शब्द चालत नाही. दारावरील गरुडाच्या आकाराचा ठोकळा एक कोडे घालतो आणि पटणारे उत्तर दिल्यावरच दार उघडते. उत्तर आले नाही तर ज्याला येते तो येईपर्यंत थांबायचे. तेवढ्यात आपणही काही शिकतो, असे लूना लव्हगुड सांगते. ग्रिफिंडोरच्या मनोऱ्यात शब्द पाठ असला की पुरते. नेव्हिलने ते शब्द कागदावर लिहून ठेवले आणि तो कागद भलत्याच्या हाती पडून तिसऱ्या भागात मोठा अनर्थ ओढवण्याची वेळ आली. पाठांतर आणि विचार यांतील फरक या दोन दारांतून सहज कळतो.

तरीही हे सदन आदर्श नाही. लूना ही विलक्षण मोकळ्या बुद्धीची मुलगी, पण तिचे सदनातील सोबतीच तिच्या वस्तू लपवून ठेवतात आणि तिला हिणवतात. हुशार मुलांच्या घोळक्यात वेगळा विचार करणाऱ्याची होणारी ही उपेक्षा रोलिंग यांनी फारसा गाजावाजा न करता रंगवली आहे. बढाईखोर गिल्डरॉय लॉकहार्ट हाही रेव्हनक्लॉचाच माजी विद्यार्थी. दुसऱ्यांचे पराक्रम स्वतःच्या नावावर खपवण्यासाठी लागणारी चतुराई त्याच्याकडे होती, एवढाच त्याचा बुद्धीशी संबंध.

हफलपफ

बॅजर हा जमीन उकरून बिळात राहणारा प्राणी हे चिन्ह. रंग पिवळा व काळा. सदनप्रमुख पोमोना स्प्राउट या वनस्पतिविद्येच्या शिक्षिका. निवास तळघरात, स्वयंपाकघराजवळ. दाराशी रचलेल्या पिंपांपैकी ठरावीक पिंपावर ठरावीक तालात टिचकी मारावी लागते. चुकल्यास अंगावर व्हिनेगर उडते.

या सदनाची शाळेत चेष्टा होते. मालफॉयसारखी मुले तर येथे पडण्यापेक्षा शाळा सोडणे बरे, असे बोलून दाखवतात. ज्याला काहीच विशेष येत नाही त्याचे सदन, हा समज हेल्गाच्या ‘सर्वांना सारखे शिकवीन’ या भूमिकेतूनच निघालेला आहे. शिकवण्याच्या दृष्टीने पाहता हा चौघांतील सर्वांत अवघड निकष होय. निवडून घेतलेली बुद्धिमान मुले पुढे नेणे सोपे; जे येतील त्यांना घेऊन पुढे जाणे हे जिकिरीचे काम. कष्ट, चिकाटी आणि न्यायबुद्धी हे या सदनाचे गुण त्या भूमिकेचे फलित आहेत. ते आधी तपासून घेतलेले नाहीत.

सेड्रिक डिगरी हा या सदनाचा सर्वांत ठळक प्रतिनिधी. तिसऱ्या भागात क्विडिचच्या सामन्यात हॅरी झाडूवरून खाली पडतो आणि त्याच वेळी सेड्रिकच्या हाती विजय येतो. काय घडले हे कळताच तो सामना पुन्हा खेळवावा अशी मागणी करतो. चौथ्या भागात तो शाळेचा प्रतिनिधी म्हणून स्पर्धेत उतरतो. आपल्या सदनाला क्वचितच मिळणारे हे वैभव हॅरीच्या निवडीमुळे विभागले गेल्यावर हफलपफची मुले हॅरीवर रुसतात, त्याच्याविरुद्ध बिल्ले लावतात. निष्ठा हा गुण आपल्या माणसांपुरता राहिला की त्याचे रूपांतर गटबाजीत होते, हे येथे दिसते. झकारियास स्मिथ हा उद्धट आणि संकटात पळ काढणारा मुलगाही याच सदनातला आहे.

अखेरच्या लढाईपूर्वी लहान मुलांना सुरक्षित स्थळी पाठवले जाते आणि थांबू इच्छिणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांना मुभा मिळते. त्या वेळी ग्रिफिंडोरचे निम्मे विद्यार्थी मागे राहतात; रेव्हनक्लॉचे काही आणि हफलपफचे त्यांच्याहून अधिक. शौर्याचा दावा न करणाऱ्या सदनाचा हा आकडा वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

स्लिदरिन

सर्प हे चिन्ह, हिरवा व रुपेरी हे रंग, निवास तळ्याखालील तळघरात. सदनप्रमुख सेव्हरस स्नेप आणि नंतर होरेस स्लगहॉर्न. चारही सदनांत सर्वाधिक वाद याच सदनाविषयी होतो.

स्लिदरिनच्या वर्णनात दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ झाली आहे. महत्त्वाकांक्षा, धूर्तपणा, साधनसंपन्न बुद्धी, स्वतःला जपण्याची वृत्ती हे स्वभावधर्म होत. रक्तशुद्धीचा आग्रह हा स्वभाव नव्हे. ते मत आहे आणि ते बहुधा घरातून येते. अकरा वर्षांच्या मुलाच्या मनातून टोपी यांपैकी नेमके काय वाचते, हे पुस्तकांत स्पष्ट होत नाही. गंमत अशी की शुद्ध रक्ताचा हट्ट धरणाऱ्या या सदनातून आलेली दोन अत्यंत सामर्थ्यशाली पात्रे, टॉम रिडल ऊर्फ व्होल्डेमॉर्ट आणि सेव्हरस स्नेप, दोघेही मिश्र कुळातील आहेत.

या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहण्यासाठी स्लगहॉर्न उपयोगी पडतो. तो महत्त्वाकांक्षी आहे, पण स्वतः सत्तेवर बसण्याची त्याला हौस नाही; नाव काढतील अशी मुले हेरून त्यांच्याभोवती स्नेहाचे जाळे विणण्यात त्याला आनंद वाटतो. त्याची लाडकी विद्यार्थिनी लिली ही जादू नसलेल्या घरातील होती. जुने ग्रह त्याच्याही बोलण्यातून डोकावतात, तरी गुण दिसला की तो कूळ विसरतो. रेग्युलस ब्लॅक हा व्होल्डेमॉर्टचा अनुयायी पुढे त्याच्याविरुद्ध जाऊन एकाकी मृत्यू पत्करतो. नार्सिसा मालफॉय मुलाच्या ओढीने व्होल्डेमॉर्टच्या तोंडावर खोटे बोलते आणि त्यामुळे हॅरी वाचतो. तिचे हे कृत्य स्वार्थी, धूर्त आणि धाडसी असे एकाच वेळी आहे. ते नेमके कोणत्या सदनाचे, हे ठरवणे कठीण.

‘वाईट निघालेला प्रत्येक जादूगार स्लिदरिनचा’ या आशयाचे विधान पहिल्या भागात हॅग्रिड करतो आणि तेच हॅरीच्या मनात घर करते. हे विधान हॅग्रिडच्या स्वतःच्या माहितीशीही जुळत नाही. त्या काळी सिरियस ब्लॅक हा मोठा विश्वासघातकी आहे असे सर्वांबरोबर हॅग्रिडही मानत होता, आणि सिरियस ग्रिफिंडोरचा होता. पूर्वग्रह असेच टिकतात. विरुद्ध उदाहरण डोळ्यांसमोर असूनही ते मोजले जात नाही. उरलेल्या तिन्ही सदनांनी सतत संशयाने पाहिलेली मुले परस्परांनाच धरून राहतात आणि ते पाहून संशय आणखी बळावतो. अखेरच्या लढाईच्या वेळी स्लिदरिनचे मेज पूर्ण रिकामे होते, त्याला त्या मुलांचा स्वभाव किती आणि सात वर्षांची ही वागणूक किती कारणीभूत, हा प्रश्न कादंबरी मोकळाच ठेवते.

गुण की निवड

हॅरीच्या डोक्यावर बसलेली टोपी त्याला स्लिदरिनमध्ये थोर होण्याची संधी दिसते असे सांगते. तो मनातल्या मनात ‘स्लिदरिन नको’ असा जप करतो आणि टोपी त्याचे ऐकते. दुसऱ्या भागाच्या शेवटी हीच गोष्ट त्याला छळू लागते. सालझारला प्रिय असलेले पुष्कळ गुण तुझ्यात आहेत, हे डम्बलडोर त्याला उघड सांगतात. सर्पभाषा, युक्तीबाजपणा, निर्धार आणि नियमांविषयीची थोडी बेफिकिरी असे ते गुण. फरक इतकाच की हॅरीने दुसरे सदन मागितले. माणूस कोण आहे हे त्याच्या क्षमतांपेक्षा त्याच्या निवडीतून कळते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे.

हे मान्य केले तर नेव्हिल आणि पेटिग्र्यू या दोघांचीही संगती लागते. दोघेही अकराव्या वर्षी भित्रे होते. दोघांच्याही मनात शौर्याविषयी आदर होता. एक त्या आदराला पात्र होत गेला. सातव्या भागात गॉड्रिकची तलवार त्याच जुन्या टोपीतून त्याच्या हाती येते. दुसरा बलवानांच्या आडोशाला राहण्यातच धन्यता मानत राहिला. टोपीने दोघांत पाहिले ते बहुधा बीज होते, पीक नव्हे.

कूळ आणि संगोपन यांवर सदन ठरते का, याविषयी पुस्तकांत परस्परविरोधी दाखले आहेत. वीझली कुटुंबातील सर्व भावंडे ग्रिफिंडोरमध्ये जातात. ब्लॅक घराणे पिढ्यान्‌पिढ्या स्लिदरिनमध्ये, अपवाद फक्त सिरियसचा. याउलट पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणींपैकी पहिली ग्रिफिंडोरमध्ये व दुसरी रेव्हनक्लॉमध्ये जाते. मराठी आडनावाच्या या बहिणी एका घरात, एकाच दिवशी जन्मून वेगळ्या सदनांत पडतात. कुळापेक्षा व्यक्ती वेगळी असल्याचा मालेतील हा सर्वांत स्वच्छ पुरावा. चित्रपटांत दोघींनाही ग्रिफिंडोरमध्ये दाखवल्यामुळे तो मुद्दाच नाहीसा झाला आहे.

अकराव्या वर्षी दिलेला हा निर्वाळा खरोखर योग्य आहे का, अशी शंका शेवटी खुद्द डम्बलडोर यांनाही येते. धोका समोर असूनही पळून न जाणाऱ्या स्नेपचे धैर्य पाहून, आपण मुलांची वर्गवारी फार लवकर करतो की काय, असे ते बोलून जातात. त्यांनी हे कौतुक म्हणून म्हटलेले असते. त्यात एक डंखही आहे, कारण धैर्य दिसले की माणूस स्लिदरिनचा नसावा असे गृहीत धरलेले आहे. हे ऐकून स्नेप दुखावल्याचे लेखिकेने सूचित केले आहे.

वाचक आणि संशोधन

रोलिंग यांच्या पॉटरमोर या संकेतस्थळावर वाचकांना प्रश्नावलीद्वारे आपले सदन शोधण्याची सोय होती. अशा रीतीने सदन मिळालेल्या वाचकांच्या स्वभावचाचण्या मानसशास्त्रज्ञांनी घेतल्या. ‘पर्सनॅलिटी अँड इंडिव्हिज्युअल डिफरन्सेस’ या नियतकालिकात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रेव्हनक्लॉच्या वाचकांना विचार करण्याची अधिक आवड असल्याचे, तर स्लिदरिनच्या वाचकांत आत्मप्रौढी व इतरांना खेळवण्याची वृत्ती अधिक असल्याचे आढळले. अशा निष्कर्षांचा अर्थ जपून लावावा लागतो. प्रश्नावली सोडवणाऱ्याला पुस्तके ठाऊक असतात आणि हव्या त्या सदनाकडे झुकणारी उत्तरे देणे त्याला कठीण नसते. अर्थात हॅरीनेही वेगळे काही केले नव्हते.

सातव्या भागाच्या उपसंहारात एकोणीस वर्षांनंतरचा रेल्वेफलाट दिसतो. हॅरीचा धाकटा मुलगा आल्बस सेव्हरस आपण स्लिदरिनमध्ये पडलो तर काय, या धास्तीत आहे. ज्या दोन मुख्याध्यापकांवरून तुझे नाव ठेवले त्यांतील एक स्लिदरिनचा आणि मला भेटलेल्या सर्वांत धाडसी माणसांपैकी होता, असे हॅरी त्याला सांगतो. आणि तुला नको असेल तर टोपी तुझे ऐकेल, हेही सांगतो. कादंबरी तेथेच थांबते. २०१६ साली लंडनमध्ये रंगमंचावर आलेल्या ‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’ या नाटकात टोपी आल्बसला स्लिदरिनमध्येच पाठवते, आणि तेथे त्याचा एकमेव जिवलग मित्र होतो तो ड्रॅको मालफॉयचा मुलगा स्कॉर्पियस.